वढ्याकाठची अक्का

मी त्या गावच्या शाळेवर रुजू झाले, त्याच आठवड्यात एक बाई मेलेलं वासरू खांद्यावर टाकून भर गावातून चालत जाताना मी पाहिली.

सकाळची वेळ होती. मी शाळेच्या पायरीवर उभी होते. वासरू लहानच होतं, पण मरून दिवस उलटला असावा. पोट फुगलेलं, मान तिच्या पाठीवर लोंबत होती आणि माशांचा घोंघाट तिच्या सोबतीनं चालला होता. इरकली लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलानं भरलेले, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती. दळण घेऊन गिरणीला निघाल्यासारखी ती चालली होती. लोक नाकाला धोतराचा सोगा लावून भिंतीला चिकटत होते.

गावातल्या सगळ्यात मोठ्या घराच्या ओसरीवर एक गृहस्थ दाढी करवून घेत बसले होते. अर्ध्या गालाला साबण. तिनं वासरू त्यांच्या पायाशी ठेवलं. आपटलं नाही, अलगद ठेवलं.

"अप्पा, हे तुमचं वढ्यात पडलं व्हतं," ती म्हणाली. "इसरून आलाव जनू."

न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. ती पाठ फिरवून निघाली आणि वळून एवढंच बोलली, "तुमचं ढोर तुमी गाडा. वढा काय तुमचा उकिरडा हाय का?"

नंतर कळलं की ते अप्पा म्हणजे तिचे सख्खे धाकटे दीर.

सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणते. गाव मुडबी आणि खजुरीच्या मधल्या माळावर होतं, बीदर जिल्हा जिथं संपतो आणि गुलबर्गा सुरू होतो तिथं. राज्याचं नाव अजून मैसूर होतं. गावाला नदी नव्हती. होता तो एक ओढा. अलीकडच्या काठाला गाव आणि गावाची शेतं, पलीकडच्या सखल काठाला आमच्या लोकांची वस्ती. माझं माहेर उदगीरकडचं, पण मावशी या वस्तीत दिलेली. म्हणून मी तिच्याकडेच राहत होते. ओढ्याच्या वाळूत झरा उकरून वस्तीतल्या बाया पाणी भरायच्या. दुसरं पाणी नव्हतं.

वासराचा उलगडा मावशीनं केला. आमच्या लोकांनी धम्म स्वीकारला तेव्हा मेलेली ढोरं ओढायचं काम एका दिवसात सोडलं होतं. गावानं आधी धमक्या दिल्या, मग कामावर बोलावणं बंद केलं, आणि तरी कोणी येईना म्हटल्यावर मेलेली जनावरं ओढ्यात टाकायला सुरुवात केली. म्हणजे फिरून फिरून ती वस्तीच्या झऱ्यापाशीच यायची.

"मग अक्कानं ते आपल्यासाठी केलं?" मी विचारलं.

"आपल्यासाठी?" मावशी हसली. "तिला आपलं काई न्हाई. तिला वढ्याचं हाय. पर पानी सोच्छ ऱ्हातंय ना, मग झालं की."

अक्का विधवा होती, मूलबाळ नव्हतं. ओढ्याच्या वळणावर तिचं शेत होतं आणि शेतातच दोन खणांचं घर. उजाडल्यापासून ती ओढ्यात असायची. ढोर घेऊन चाललेली नसली, तर रस्त्यानं कधी चालायचीच नाही. गावात यायचं तरी ओढ्याच्या पात्रातून, लग्नाला जायचं तरी पात्रातून. ओल्या पायांनीच मांडवात शिरायची आणि आहेर म्हणून करंजाचं नाहीतर जांभळाचं रोप द्यायची. ते रोप यजमान लावतो की नाही याची वाट बघायची नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेतात जाऊन, ओढ्याच्या कडेला, स्वतःच खड्डा घेऊन लावून मोकळी व्हायची.

तिला तीन भाषा येत आणि तिघींची कामं वाटून दिलेली होती. शिवी कानडीत, चेष्टा मराठीत आणि सरकारी माणसाशी बोलणं दखनीत. एकदा मोजणीचे साहेब नकाशा घेऊन आले होते. तिनं नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हौ साब, नाला तुम्हारे नक्शे में इत्ता चौडा है, तो जमीन पो कायकू पतला हुआ? दुबला हो गया क्या?" साहेब हसायचेही विसरले.

कारण ती म्हणत होती ते खरंच होतं. गावाकडच्या काठाचे शेतकरी दरसाल बांध थोडा थोडा ओढ्यात सरकवत होते. काठाची झाडं तोडायची, माती ढकलायची, वर दगड रचायचे. वर्षभरात तिथं ज्वारी उभी. ओढा अर्ध्यावर आला होता. अक्का दिसेल त्याला सांगायची, "पान्याची वाट अडवील, त्याच्या घरी पानी मुक्कामाला येतंय." लोक 'व्हय व्हय' म्हणायचे आणि पावसाळा संपला की दगड आणखी पुढं न्यायचे.

काठावर लावलेल्या रोपांना जनावरं लागू नयेत म्हणून तिचा एक नियम होता. जे ढोर ओढ्याकाठी चरताना दिसेल ते कोंडवाड्यात. एका सकाळी ती दोन उमदे बैल हाकत कोंडवाड्याकडे निघालेली दिसली. कोंडवाड्याचा शिपाई बैलांकडं बघतच राहिला.

"अक्का, हे तर तुमचेच."

"माझेच हायत. रात्री दावं तोडून करंज खाल्लं त्येनी. कोंड."

"तुमचेच कसे कोंडू?"

"कामून? माझ्या बैलाला दात न्हाईत का?"

आणि दंड भरून तिनं ते दुसऱ्या दिवशी सोडवून आणले. गाव पोट धरून हसलं. मला मात्र हसू आलं नाही. अशा बाईची भीतीच वाटावी, असं काहीतरी त्यात होतं.

हे वाचून कुणाला वाटेल की अक्का मोठ्या मनाची, जातपात न मानणारी वगैरे होती. तसं नव्हतं. एकदा शाळेतल्या मुलांना काठावर रोपं लावायला न्यावं म्हणून मी तिच्या घरी विचारायला गेले. ती खूश झाली. चूल पेटवली, गूळ घालून चहा केला. मग बाहेर आली, ओसरीच्या टोकाला असलेल्या कोनाड्यातून एक ग्लास काढला, विसळला आणि त्यात चहा ओतून माझ्यापुढं ठेवला. तिचा स्वतःचा पितळी पेला घरातून आला होता.

मी ग्लासाला हात लावला नाही.

"चहा निवायलाय की," ती म्हणाली.

"अक्का, हा ग्लास बाहेरचा आहे."

"व्हय, बाहेरचाच हाय." तिनं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "माझ्या सासूनं ठिवलाय."

"सासूबाई तर कधीच वारल्या."

"ग्लास हाय की."

इतक्या उघडपणे हे कुणी तोंडावर बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं. लाजणं नाही, सारवासारव नाही. मी उठले. अंगाची लाही लाही होत होती. फाटकापर्यंत गेले तेव्हा मागून हाक आली, "ए बाई, पुन्यांदा यायचं झालं तर कुठं बसशील?"

"ओढ्यावर," मी रागानं म्हणाले.

"मग तितंच येत जा. मी बी तितंच असती."

आणि नवल असं की मी खरोखर तिथं जाऊ लागले. शाळा सुटली की ओढ्यातल्या एका खडकावर ती, दुसऱ्यावर मी. ती बोलायची, मी ऐकायची. ग्लासाचा विषय तिनंही काढला नाही, मीही नाही. मुलांनी तिच्याबरोबर निर्गुडीच्या काड्या खोवल्या, शिंदीच्या बिया टाकल्या. वस्तीतली पोरं आणि गावातली पोरं एकाच ओळीत उभी राहून चिखल तुडवत होती. त्याला तिनं कधी हरकत घेतली नाही. घरातलं एक आणि ओढ्यातलं दुसरं, अशी तिची काहीतरी वेगळीच वाटणी होती. मला ती आजही नीट कळलेली नाही.

तिच्या शेताच्या टोकाला, ओढ्याच्या अगदी वळणावर, तिच्या नवऱ्याची समाधी होती. लिंगायत लोक माणसाला बसवून पुरतात, वर चौथरा बांधतात. हा चौथरा चांगला घडीव दगडाचा, कमरेइतका उंच होता. दर सोमवारी अक्का तिथं दिवा लावायची, बेलाची पानं ठेवायची. तेवढा वेळ ती कुणाशी बोलायची नाही. सगळ्या गावाला बांधावरून शिव्या घालणारी अक्का त्या चौथऱ्यापाशी अगदी लहान दिसायची.

मग ते साल आलं. आमच्याकडं पाऊस धड नव्हता, नुसतं आभाळ होतं. दुपारची शाळा भरलेली, मी पाढे म्हणवून घेत होते. वरच्या माळावर कुठं ढग फुटला कुणास ठाऊक. आधी दूरवर ट्रकांची रांग यावी तसा आवाज आला. हुमनाबादच्या सडकेवर ट्रक असतात, इथं कुठून, असं मनात येईपर्यंत बाया किंचाळताना ऐकू आल्या.

मी धावत काठावर आले आणि जे पाहिलं ते डोळ्यांना खरं वाटेना. लाल पाण्याची भिंत वळणावर आली, समाधीच्या चौथऱ्यावर आपटली, आणि तिथून तिरकी होऊन, कुणी बोट दाखवून पाठवावी तशी, सरळ वस्तीत शिरली. गावाकडच्या शेतातलं ज्वारीचं धाटही हललं नाही. वस्तीतली खालची आळी माझ्या डोळ्यांदेखत बसली. मातीच्या भिंती पाण्यात साखरेसारख्या विरघळल्या.

माणसं बहुतेक रानात होती म्हणून वाचली. मावशीचे सासरे मात्र घरात होते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. डोळ्यांनी अधू झालेले, दिवसभर कडूलिंबाखाली बसून दोर वळायचे. पाठ भरून आली म्हणून त्या दुपारी आत जाऊन टेकले होते. पाणी ओसरल्यावर ते पुढच्या वळणावर, बाभळीच्या खोडाला अडकलेले सापडले. अर्धा वळलेला दोर मनगटाला गुंडाळलेला होता. मावशी रडली नाही. तिनं तो दोर हळूहळू सोडवला आणि स्वतःच्या हाताला गुंडाळून घेतला. मला ते बघवेना, आणि नजरही हटेना.

आठवड्याभरानं शाळेच्या पटांगणात गाव बसलं. एका बाजूला गाव, एका बाजूला वस्ती, मधे मोकळी जागा. अप्पांनी सुरुवात केली. झालं ते वाईट झालं, म्हणाले, पण वस्ती सखल जागी आहे, दरसाल भीती राहणार. त्यापेक्षा वस्तीच उचलून माळावर न्यावी.

"आमी कामून उठावं?" मावशी उभी राहिली. हाताला तो दोर तसाच होता. "वस्ती हितंच व्हती, अप्पा. वढा तिकडं व्हता. त्येला हिकडं कुनी ढकललं?"

गावाच्या बाजूला चुळबुळ झाली. तेवढ्यात अक्का बोलली. म्हणाली, बरोबर बोलती ती. सगळ्यांनी आपापले बांध उचला, जुन्या हद्दीच्या दगडापर्यंत मागं सरका. वढ्याला त्याची जागा द्या. नेहमीचंच बोलणं, पण त्या दिवशी आवाजात धार होती. एकेकाचं नाव घेऊन तिनं कुणी किती जमीन खाल्ली ते सांगितलं. अप्पांचं तर दोनदा सांगितलं. माना खाली गेल्या. मला वाटलं, आता होतंय.

"अक्का," मावशी म्हणाली, "समद्याचं सांगितलाव. पर पहिला दगूड कुनाचा?"

गावाच्या बाजूच्या माना एकदम वर आल्या.

"तुमच्या मालकाचा," मावशी म्हणाली. "जित्तेपनी त्येनीच पहिल्यांदा काठाची झाडं तोडली, वढ्याची मळीची जमीन दाबली. आन् मरताना तितंच पुरा म्हनले. माझा सासरा व्हता त्या दिवशी दगूड वाहायला. त्येच्या कानानं ऐकल्यालं हाय. 'बांध कुनी बी हलवील, समाधी कोन हलवतंय?' आसं म्हनले. आन् पानी त्या समाधीवर आपटूनच आमच्यात आलं. तुमी बघितलाव की न्हाई?"

गावासमोर, तेही वस्तीतल्या बाईनं हे बोलावं! अप्पा संतापून उठले, कुणीतरी शिवी हासडली. अक्कानं मात्र एकदा मावशीकडं पाहिलं, मग मावशीच्या हाताच्या दोराकडं. पदर सावरला आणि पटांगणातून निघून गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला रिकाम्या हातानं रस्त्यानं चालत जाताना पाहिलं.

सभा मोडली. मी मावशीला म्हणाले, एकच माणूस आपल्या बाजूनं होतं, तेही तोडलंस. मावशी म्हणाली, "आपल्या बाजूनं आसंल तर खरं बोलल्यानं कसं तुटंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारेचा आवाज आला. दगडावर लोखंड. वळणाच्या दिशेनं. लोक धावले, मीही धावले.

अक्का समाधी फोडत होती.

एकटी. लुगडं खोचलेलं, कपाळावर ताजी विभूती. चौथऱ्याचे वरचे दगड तिनं आधीच ढासळवले होते. गावातल्या बाया तोंडावर हात ठेवून उभ्या, पुरुष ओरडत होते, पण जवळ जायला कुणी धजेना. मठाचे अय्या, लिंगायतांचे जंगम, आले, लांबूनच म्हणाले, "अक्का, पाप लागंल." ती म्हणाली, "लागू द्या," आणि पहार पुन्हा मारली.

अप्पा धावत आले आणि त्यांनी तिचा हात धरला. "वैनी! माझा भाऊ हाय आत!"

"माझा नवरा हाय," अक्का म्हणाली. "हात सोड."

त्यांचा हात आपोआप सुटला.

दगड संपले, माती लागली. तिनं कुदळ घेतली. वय झालेलं, धाप लागलेली, हातांना फोड आलेले. गावातल्या कुणीतरी पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या आमच्या लोकांना हाक मारली, "आरं, या की दोघंतिघं. बाई मरंल अशानं. उकरून द्या."

अक्का खड्ड्यातून उभी राहिली. घामानं विभूती ओघळून डोळ्यांत गेली होती.

"त्येन्ला कामून बलवतोस?" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की काठावरची सगळी कुजबुज थांबली. "त्येनी ते काम सोडलंय. मेल्यालं आपलं हाय. आपुनच उचलायचं."

मी मावशीकडं बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

मग तो लागला. पुरताना घातलेल्या मिठाचा, विभूतीचा पांढरा थर, आणि त्यात मांडी घातल्यासारखी हाडं. गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी काळी पडली होती. बाया मागं पळाल्या. मी पळाले नाही. अक्कानं डबी आधी काढली, कपाळाला लावली. मग घोंगडी अंथरली आणि एकेक हाड उचलून तीवर ठेवू लागली. काय काय पुटपुटत होती, कानडीत. शिव्या नव्हत्या. आजारी माणसाला कूस बदलून देताना बायका जसं 'जरा सरका, झालं, झालं' म्हणतात, तसं काहीतरी ती म्हणत होती.

कवटी हातात घेतली आणि ती थांबली. फार वेळ थांबली.

तेव्हा अप्पा खड्ड्यात उतरले. लहान मुलासारखे रडत होते. "वैनी, डोकं मी घेतो," म्हणाले. तिनं कवटी त्यांच्या हातात दिली.

दोघांनी मिळून घोंगडीची चार टोकं उचलली आणि वरच्या शेतात, आंब्याखाली, त्याला पुन्हा ठेवलं. अय्या तिथं मुकाट्यानं हजर झाले. माती लोटून झाल्यावर अक्का लोकांकडं वळली. अंग मातीनं माखलेलं, आवाज बसलेला.

"माझा मालक सरकला," ती म्हणाली. "आता तुमी सरका."

त्याच आठवड्यात अप्पांनी आपला बांध उचलला. मग एकेक करून बाकीचे. दोघे अडून बसले होते. त्यातल्या एकाच्या बांधावर अक्का रोज भाकरी घेऊन जाऊन बसायची, काही न बोलता जेवायची, काही न बोलता उठायची. महिन्याभरात तो टेकीला आला. दुसऱ्याला तीन पावसाळे लागले.

काठ बांधायचं, त्यावर माती धरणारा वाळा आणि निर्गुडी लावायचं काम गाव आणि वस्ती दोघांनी केलं. आधी वेगवेगळ्या दिवशी करत होते. पण हे लोक आमचा वाळा उपटतात, ते लोक आमची निर्गुडी पळवतात अशी भांडणं रोजची झाली, तेव्हा एकमेकांवर नजर ठेवायला म्हणून सगळे एकाच दिवशी यायला लागले. वाळ्याचे ठोंब माझ्या मामानं औरादकडून आणले. मेलेल्या जनावरांसाठी माळावर जागा नेमली गेली, आणि ज्याचं जनावर त्यानंच गाडायचं असं ठरलं. पुढं, राज्याला कर्नाटक म्हणायला लागल्यावर बरीच वर्षं गेली, तेव्हा जंगल खात्यानं गाडीभर निलगिरीची रोपं पाठवली. अक्कानं गाडी ओढ्यापाशी येऊच दिली नाही. "ये झाड पानी पीता साब, पिलाता नै," म्हणाली. "वापस लेके जाव." साहेबांना असं परत पाठवणारं गाव आधी भेटलं नसावं.

ओढा हळूहळू आपल्या जागी गेला. वस्तीत पुन्हा पाणी शिरलं नाही. काठाला सावली झाली, पाणकोंबड्या आल्या, आणि झरा चैत्रातही आटेनासा झाला. माझी बदली हुमनाबादला झाली, लग्न झालं, गाव मागं पडलं.

शेवटची गेले तेव्हा मावशीचे केस पांढरे झाले होते आणि अक्का काठी टेकत चालत होती. ओढ्यातल्या तिच्या खडकावर ती बसली होती. मी माझ्या खडकावर बसले. वर करंजाची सावली गच्च होती.

"अक्का," मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी भीती नाही वाटली तुम्हाला?"

"पापाची न्हाई वाटली," ती म्हणाली. मग काठीनं पाण्यातलं एक पान बाजूला सारलं. "दुसरंच झालं बाई. कवटी हातात घेतली, आन् त्येचं तोंडच इसरलं."

मला कळेना.

"त्येच्या आधी डोळे मिटले की दिसायचा. हसायचा, रागवायचा. त्या दिवसापासून डोळे मिटले की तीच दिसायलीय. हाडाची. लई आठवून बघितलं. न्हाईच आठवत. घरात फोटू न्हाई. अप्पाला इचारलं, त्यो म्हनतो, भाऊ माझ्यासारखाच व्हता. न्हवता तसा."

इतकी वर्षं ती हे घेऊन हिंडत होती. त्या खड्ड्यातून तिनं काय काढलं ते सगळ्या गावानं पाहिलं होतं. तिथं तिचं काय राहिलं ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

"तू बघितलं व्हतंस का गं त्येला?"

"नाही अक्का. मी यायच्या आधीच..."

"तुझ्या मावशीनं बघितलंय," ती म्हणाली. "तिला जरा इचारून ये."

मी वस्तीत गेले. मावशी ज्वारी पाखडत होती. मी सांगितलं ते तिनं सूप हातात धरून ऐकलं. मग सूप खाली ठेवलं, हात पुसले आणि माझ्या पुढं होऊन निघाली. पाण्यात उतरली, पलीकडं गेली आणि अक्काच्या शेजारी त्याच खडकावर बसली.

"उंच व्हते," मावशी म्हणाली. "कपाळ मोठं. नाक जरा बसकं, अप्पासारखं तरतरीत न्हाई. डाव्या भिवईत एक फट व्हती, बैलाचं शिंग लागल्याली."

अक्कानं डोळे मिटले.

"ओठ पातळ व्हते. मिशी कवाच सरळ बसायची न्हाई." मावशी जरा थांबली. "आन् आमच्याकडं बघताना डोळं बारीक करायचे. जनू आमी घान हाव."

पाणी दगडांवरून वाहत होतं.

"व्हय," अक्का म्हणाली. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं. "व्हय, तसाच बघायचा. सांग, आनखी सांग."